आभार कोणी स्वीकारायचे

बुधवार, १४ ऑगस्ट २०१९

आज पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी असुआनोच्या सोन्याच्या खाणीच्या मुख्य फाटकासमोर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी आम्हा बायकांवर अश्रुधूर सोडला. वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळातली आहे. ते घड्याळ घानाच्या पोस्ट खात्याने मला निवृत्तीच्या दिवशी दिलं, तेव्हा वेळेबद्दल कुणी वाद घालू नये.

आमच्या हातांत काय होतं तेही लिहून ठेवते. माझ्या हातात अंड्यांची टोपली. माझी मैत्रीण अराबाच्या बगलेत पांढरी कोंबडी. बाकीच्यांच्या डोक्यावर कच्च्या केळ्यांचे घड आणि कंद. एक ढोल. अंगावर पांढरं कापड, मानेला आणि दंडांना पांढरी माती. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते तेव्हा, किंवा कोर्टात खटला जिंकल्यावर, हाच वेश असतो. दंगल करायला निघालेली बाई अंडी घेऊन निघत नाही.

काल कंपनीने गावाला नळ दिला. टाकी, चार तोट्या आणि निळा फलक: ‘असुआनोच्या जनतेस सप्रेम भेट’. भाषणं झाली, फोटो झाले. आता, कुणी काही दिलं की दुसऱ्या दिवशी पहाटे, त्याने तोंड धुण्याआधी, त्याच्या दारात जाऊन आभार मानायचे असतात. न जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. काल संध्याकाळी मी घरोघर जाऊन हेच सांगितलं. सगळ्या बायका आल्या. मला वाटलं नव्हतं.

फाटकावरचा पहारेकरी उत्तरेकडचा होता, आमची भाषा आणि रीत न जाणणारा. त्याने ओरडून काहीतरी विचारलं. आम्ही गाणं आणखी मोठ्याने म्हटलं, कारण घरधनी आत झोपलेला असेल तर त्याच्या कानावर जायला हवं. त्याने पांढऱ्या मातीने रंगलेल्या बायका पाहिल्या, ढोल ऐकला, आणि तो बिनतारी यंत्रात काहीतरी बोलला. मला वाटलं, साहेबांना उठवतोय.

मग डोळ्यांची आग. अंडी गेली. घरी आल्यावर अराबा ओल्या फडक्याने डोळे पुसत म्हणाली, “माझी कोंबडी फाटकाखालून आत पळाली बघ. आभार घेतले नाहीत मेल्यांनी, कोंबडी बरी ठेवून घेतली.”

मला हसू आलं नाही. 

गुरुवार, १५ ऑगस्ट

मारियामातेचा स्वर्गारोहणाचा सण. चर्चमध्ये गेले. माझ्या बाकावर माझ्याशिवाय कुणी बसलं नाही. डोळे लाल होते म्हणून असेल.

परत येताना पाहिलं, नळाला साखळी आणि कुलूप. कंपनीचा एक माणूस बायकांना सांगत होता, “परिस्थिती निवळेपर्यंत बंद.” मी विचारलं, कुठली परिस्थिती? तो म्हणाला, “हल्ल्याची.”

बायका माझ्याकडे बघत होत्या. मग रिकाम्या बादल्या उचलून पलीकडच्या टेकडीच्या झऱ्याच्या वाटेला लागल्या. अबेनासू ओढा तर घराला लागून आहे, आम्ही तिला देवी मानतो, पण तिचं पाणी आता विटकरी रंगाचं. बकऱ्यासुद्धा वास घेऊन मागे फिरतात. पूर्वी मंगळवारी तिच्या काठी कुणी जात नसे. मंगळवारी जन्मलेली ती, तो तिचा विश्रांतीचा वार. आता तिला आठवडाभर विश्रांती आहे. कंपनीने नळाचं उद्घाटन मंगळवारी केलं तेव्हा एकाही म्हातारीने तोंड उघडलं नाही.

शनिवार, १७ ऑगस्ट

सेलॉर्म आला नाही. मिस्टर सेलॉर्म आगबेको हा कंपनीच्या सामाजिक जबाबदारी विभागाचा अधिकारी. दर शनिवारी चार वाजता माझ्या ओट्यावर चहा घ्यायला येतो. घरंदाज मुलगा. दोन्ही हातांनी कप घेतो. गावात काय चाललंय ते विचारतो, माझं ऐकून घेतो. ओढा चोरट्या खाणवाल्यांनी नासवला हे त्यानेच मला नकाशा काढून समजावलं होतं, आणि ज्यांना समजत नव्हतं त्यांना मी समजावलं.

सहा वाजेपर्यंत वाट पाहिली. चहा बागेत ओतला. साहजिकच, त्याला लाज वाटत असणार.

मंगळवार, २० ऑगस्ट

गावप्रमुख नाना ओडुम यांच्या वाड्यावर बोलावणं. नाना कुणाशी थेट बोलत नाहीत. शेजारी सोन्याची मूठ असलेली काठी धरून बसलेला म्हातारा त्यांच्या वतीने बोलतो. मी आणि नाना एकाच शाळेत होतो, एकदा मी त्यांना चिंचेच्या फोकाने मारलं होतं, पण रीत ती रीत.

म्हातारा म्हणाला, “नाना म्हणतात, कंपनी रागावली आहे. एक मेंढा, दोन बाटल्या जिन आणि माफीचा कागद घेऊन गेलं की नळ उघडेल. कागदावर बायकांच्या पुढारी म्हणून पोस्टबाईंची सही हवी.”

मी म्हटलं, “नानांना सांगा, धूर आमच्या डोळ्यांत गेला. माफी कुणी मागायची?”

“नाना म्हणतात, धूर निघून गेला. पाणी अजून आलेलं नाही.”

“नानांना सांगा, सिस्टर ब्रिजिट यांनी आम्हाला आठ वर्षं शिकवलं की जे केलं नाही त्याची कबुली देणं हेही खोटं बोलणंच.”

तेव्हा नाना म्हाताऱ्याकडे न बघता माझ्याशीच बोलले. “परपेच्युआ, तुझ्या घरी माणसं किती? एकटीला एक बादली पुरते. माझ्या सुनेला सहा लागतात.”

नानांनी रीत मोडली, आणि ती मला हे ऐकवण्यासाठी मोडली. मी सही न करता उठले.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

रेडिओवर आमची बातमी. ‘जमावाने फाटकावर चाल केली.’ कोंबडीचा उल्लेख नाही.

माझ्या मुलाचा, इमॅन्युएलचा, हॅम्बुर्गहून फोनवर बोलका निरोप आला होता: “मम्मी, कशाला भानगडीत पडतेस. काही लागलं तर सांग.” एकवीस सेकंद. मी त्याला चार पानी पत्र लिहिलं. आमचं पोस्ट ऑफिस बंद झाल्यापासून पत्र टाकायला तालुक्याला जावं लागतं, त्यामुळे ते कपाटात आधीच्या पत्रांवर ठेवलं.

बुधवार, २८ ऑगस्ट

सेलॉर्म आला. शनिवार नव्हता, आणि चहाला नको म्हणाला. हातात एक अर्ज.

“मावशी, तुमची तक्रार लिहून घ्यायला आलोय. तक्रार नोंदली की तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, तसा नियम आहे. भरपाईही मिळू शकेल. डोळे, टोपली, अंडी.”

मी म्हटलं, “माझी तक्रार नाही. मी आभार मानायला आले होते. ते लिहून घे.”

त्याने अर्ज उलटसुलट पाहिला. “आभारांसाठी जागा नाहीये यात.”

“मग कोऱ्या कागदावर लिही.”

“मावशी, ऐका ना. मी ‘जमाव आला’ असं कळवलं तर मुख्य ऑफिस विचारतं, फाटक शाबूत आहे ना? प्रकरण संपलं. ‘बायका आभार मानायला आल्या आणि आपण धूर सोडला’ असं कळवलं, तर कर्ज देणारी बँक विचारणार, विमेवाला विचारणार, तिकडचे वर्तमानपत्रवाले विचारणार. मग माझी नोकरी जाईल, पहारेकऱ्याची जाईल. साहेबांची नाही जाणार.”

“म्हणजे आम्ही चोर ठरलो की सगळ्यांच्या सोयीचं.”

“चोर नाही हो. गैरसमज.”

“कुणाचा?”

मी विचारलं, दर शनिवारी येत होतास, मग आता दोन शनिवार कुठे होतास? तो म्हणाला की या घटनेमुळे असुआनोच्या महिला प्रतिनिधींबरोबरच्या बैठका तात्पुरत्या थांबवल्या आहेत.

मी विचारलं, कुठल्या महिला प्रतिनिधी? 

“तुम्ही, मावशी. महिन्याला चार बैठका दाखवाव्या लागतात मला. गावाशी विचारविनिमय.” मग घाईघाईने म्हणाला, “पण चहा मला खरंच आवडायचा.”

मी त्याला सांगितलं की त्या चहात मी डब्यातलं दूध घालत होते. ते मी स्वतःसाठी कधी उघडत नाही. हे सांगायची काही गरज नव्हती.

जाताना म्हणाला, “ती कोंबडी आहे अजून. ऑफिसच्या हिरवळीवर फिरते. कुणी मारत नाही तिला. कुणाची म्हणून नोंदवायची ते ठरलेलं नाही.”

शनिवार, ३१ ऑगस्ट

मेंढा गेला. जिन गेली. कागदावर माझ्याऐवजी नानांच्या बहिणीने अंगठा दिला. दुपारी नळ उघडला. इथपर्यंत आरडाओरडा ऐकू येत होता, बादल्यांचा, पोरांचा. माझ्या ओट्यावरून टाकीचं टोक दिसतं.

मी गेले नाही. माफी मागून मिळालेलं पाणी मी पिणार नाही. टेकडीच्या झऱ्यावर गेले. उतरताना दोनदा बसावं लागलं. अर्धी बादली घरी पोचली.

गुरुवार, ५ सप्टेंबर

सोमवारपासून रोज सकाळी दारात पाण्याची भरलेली बादली असते. वर केळीचं पान झाकलेलं, कचरा पडू नये म्हणून. बादली कुणाची ते मी ओळखते. कडीला लाल चिंधी बांधली आहे. अराबाची केंकीचं, म्हणजे मक्याच्या उकडलेल्या गोळ्यांचं, पीठ भिजवायची बादली. आंबलेल्या मक्याचा वास जात नाही तिचा.

नळाचं पाणी आहे. मी ते झाडांना घातलं. आज गुडघा दुखत होता, म्हणून आज फक्त भांडी घासण्यापुरतं वापरलं.

सोमवार, ९ सप्टेंबर

जिल्हा सभेचे पाण्याचे अभियंता अमिसा टाकी तपासायला आले होते. रस्त्यात गाठलं त्यांना. म्हटलं, तुम्ही सरकारी माणूस, तुम्ही लिहून द्या की नळ मिळाल्यावर बायका आभार मानायलाच गेल्या असणार.

ते मोटरसायकलवर बसल्या बसल्या हसले. “आभार? कशाचे, बाई? हा नळ त्यांच्या परवान्याची अट आहे. ओढा नासवला म्हणून. पर्यावरण खात्याने दोन वर्षं पाठ धरली तेव्हा कुठे टाकी बसली.”

“ओढा चोरट्या खाणवाल्यांनी नासवला.”

“कोण म्हणालं?”

मला सेलॉर्मचा नकाशा आठवला.

“खालच्या अंगाला तेही आहेत,” ते म्हणाले. “पण खाणीचा गाळ साठवायचं तळं फुटलं ते कंपनीचं. राजधानीत त्यांनी सही करून कबूल केलंय.”

“मग फलकावर सप्रेम भेट कसं लिहिलं?”

“फलकाचा खर्च त्यांचा. फलकावर काय लिहायचं याची अट नव्हती.” मोटरसायकल सुरू करताना ते म्हणाले, “खात्याकडे जातो तो अहवाल वेगळा, भागधारकांकडे जातो तो वेगळा, नानांना काय सांगितलं ते नाना जाणोत. नळ एकच आहे. त्याला काय फरक पडतो?”

मला पडतो. मी चाळीस वर्षं पोस्टात काढली. पाकिटावर नाव एकाचं आणि आत पत्र दुसऱ्याचं, हे मी कधी खपवून घेतलं नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर

अराबाकडे गेले. ती केंकीचे गोळे कणसाच्या पानात गुंडाळत होती. उठली नाही, हात पिठाचे होते. मी उभ्याउभ्याच अमिसा काय म्हणाले ते सांगितलं.

“हो,” अराबा म्हणाली.

“हो म्हणजे?”

“म्हणजे ठाऊक होतं. तळं फुटलं त्या रात्री माझा भाचा तिथे पाळीवर होता. सगळ्या गावाला ठाऊक होतं, पोस्टबाईंना सोडून. तुझ्या ओट्यावर तर त्यांचा साहेब बसलेला असायचा. कोण येऊन सांगणार?”

“आणि तरी तुम्ही अंगाला माती फासून माझ्यामागे आलात? एवढ्या बायका? मला वेड्यात काढायला?”

“खाली बस आधी.”

“मी बसणार नाही.”

“नको बसू.” तिने एक गोळा बांधून बाजूला ठेवला. “पोस्ट बंद झालं, त्यानंतर तू कुणाच्या दारात पाऊल ठेवलं होतंस? माझ्यासुद्धा? त्या संध्याकाळी तू दारोदार फिरत होतीस. पदरात अंडी मागत होतीस. जोसेफिनची आई मला म्हणाली, ती आली आहे तर नाही कसं म्हणायचं. म्हणून आलो.”

“म्हणजे दया.”

“तू त्याला काय नाव द्यायचं ते दे. शिकलेली आहेस.” मग म्हणाली, “आणि पाणी मिळालं तर आभार मानायचेच. ज्याने दिलं त्याने का दिलं ते त्याचं तो बघेल. आभार आपले आहेत.”

हा विचार चूक आहे, आणि मी तिला तसं सांगितलं. देणं फेडणाऱ्याला दाता म्हटलं की तो पुढच्या वेळी देणं फेडतच नाही, दान करतो, आणि दान केव्हाही बंद करता येतं. कुलूप लावून दाखवलंच की त्याने. देणं असतं तर कुलूप लावायची हिंमत झाली असती का?

अराबाने हातातला गोळा खाली ठेवला. “हे मात्र बरोबर आहे,” ती म्हणाली. “हे लिहून पाठव त्यांना.” मग, “जेवून जा. मासळी आहे.”

मला भूक नव्हती. तिने दोन गोळे बांधून दिले. रात्री खाल्ले. कोमट होते अजून.

सही नाकारली म्हणून मला वाटत होतं की सगळं गाव माझ्या विरोधात गेलं आहे. तसं नसेल तर ओट्यावर कुणी का येत नाही, हे मला समजत नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर

आज पहाटे, तोंड धुण्याआधी, बादली घासून तिच्या तळाशी चार अंडी ठेवली आणि अराबाच्या दारात गेले. बादलीबद्दल आभार मानायचे राहिले होते. आठवड्याहून जास्त उशीर झाला. ती म्हणाली, “अगं, अजून उजाडलं नाही.” मी म्हटलं, रीत आहे. तिने मला चुलीपाशी बसवलं आणि मी बसले.

तिथेच तिच्या पाटावर हे पत्र लिहिलं. खाली नक्कल उतरवून ठेवते. मूळ पत्र मी स्वतः फाटकावर नेऊन देणार आहे आणि पोच घेणार आहे. अराबा बरोबर येते म्हणते. आधी अंगाला माती लावू का विचारत होती. मी नको म्हटलं. मग हो म्हटलं.

*

प्रति, महाव्यवस्थापक, 

महोदय,

१४ ऑगस्ट रोजी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही आपल्या दारात नळाबद्दल आभार मानायला आलो होतो. आपण धूर सोडलात. त्यानंतर आम्ही माफी मागावी अशी व्यवस्था केलीत, आणि ती मागितली जाईपर्यंत गावाचं पाणी कुलपात ठेवलंत. माफीच्या कागदावर माझी सही नाही हे आपल्या लक्षात आलं असेलच.

आता मला असं सांगण्यात आलं आहे की नळ ही भेट नसून अबेनासू ओढ्याची भरपाई आहे आणि आपण राजधानीत तसं कबूल केलं आहे. राजधानीत देणं आणि गावात दान, अशी एकच वस्तू दोन्ही असू शकत नाही. तेव्हा पुढील दोहोंपैकी एक लेखी कळवावं.

नळ भेट असेल, तर आम्ही आभार मानायला आलो होतो आणि ते आपल्याला मिळाले, असं लिहून द्यावं. अराबा मेन्सिमा यांची पांढरी कोंबडी त्या आभारांचा भाग होती. ती आपल्याच हिरवळीवर आहे. ती आपली.

नळ देणं असेल, तर निळा फलक काढावा, मेंढा परत करावा, यापुढे तोटीला कुलूप लागणार नाही असं लिहून द्यावं, आणि कोंबडी परत आणावी. ती आणायला माणूस पाठवू नये. आमच्याकडे चूक केलेला स्वतः येतो, पहाटे, समोरच्याने तोंड धुण्याआधी. माझ्या घराला फाटक नाही. ओट्यावर मी असेन, आणि अराबाही असणार आहे.

तोंडी निरोप, अर्ज, भरपाई किंवा मिस्टर आगबेको यांची भेट हे उत्तर धरलं जाणार नाही. मिस्टर आगबेको चहाला आले तर त्यांना चहा मिळेल, पण ती बैठक म्हणून नोंदवू नये.

उत्तर लेखी, सहीशिक्क्यासह, बुधवार दिनांक १८ सप्टेंबर २०१९ रोजी सूर्य उगवण्यापूर्वी माझ्या हातात पडलं पाहिजे.

परपेच्युआ अन्साबा क्वाइकू
निवृत्त पोस्टमास्तर, असुआनो